एक्स्चेंज हायब्रिड मायग्रेशन: मेलबॉक्स जातात, सर्व्हर सहजासहजी जात नाही

एक्स्चेंज सर्व्हर, म्हणजे ऑफिसात चालणारा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर; त्याच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मेल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायचा तर आता जुलै २०२५ मध्ये आलेली सबस्क्रिप्शन एडिशन तेवढी उरली. क्लाउडवर जायचं ठरवलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टचीच एक सोय आहे: ऑफिसचा सर्व्हर आणि क्लाउड एकमेकांना जोडणारा हायब्रिड कॉन्फिगरेशन विझार्ड आणि त्याच्या जोरावर होणारे रिमोट मूव्ह, म्हणजे मेलबॉक्स आहे तसा क्लाउडवर हलवणं. वेगळं टूल विकत घ्यावं लागत नाही, मेलबॉक्समागे वेगळे पैसे नाहीत, एक्स्चेंज ऑनलाइनचं, म्हणजे क्लाउडमधल्या एक्स्चेंजचं, लायसन्स घेतलं की ही सोय हातात येते. परीक्षण तिचंच आहे.

निकाल आधीच सांगतो. मेलबॉक्स उचलून नेण्याचं यंत्र पहिल्या दर्जाचं आहे. विझार्ड बरा. चुकांचे संदेश त्रासदायक. आणि सगळं नेऊन झाल्यावर मागे राहणाऱ्या शेवटच्या सर्व्हरचं काय करायचं, याचं उत्तर मायक्रोसॉफ्टने फार उशिरा आणि तेही तुकड्यातुकड्यांनी दिलं. हायब्रिडमध्ये मेलबॉक्स नेणं हा सगळ्यात सोपा भाग असतो. खरी किंमत सहजीवनाची असते, म्हणजे अर्धे लोक इकडे आणि अर्धे तिकडे असताना मेल, कॅलेंडर आणि परवानग्या चालू राहण्याची. ते सहजीवन लागणारच नसेल, तर एवढा पसारा कशाला मांडायचा, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा.

बाकीचे मार्ग काय आहेत ते आधी बघू. कटओव्हर मायग्रेशन, म्हणजे सगळे मेलबॉक्स एकदम नेणं, कागदावर २,००० मेलबॉक्सपर्यंत चालतं, पण १५० च्या पुढे जाऊ नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सुचवतं. स्टेज्ड (टप्प्याटप्प्याचा) हा प्रकार फक्त एक्स्चेंज २००३ आणि २००७ साठी होता, म्हणून तो सोडून द्या. आयमॅप या मेल वाचण्याच्या सर्वसाधारण प्रोटोकॉलने फक्त मेल येतो, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट मागेच राहतात. वर मेलबॉक्समागे ५ लाख आयटम आणि मेलमागे ३५ एमबी अशी मर्यादा. एक्स्चेंजऐवजी झिम्ब्रा किंवा पोस्टफिक्स-डव्हकॉट असे दुसरे मेल सर्व्हर असतील तर आयमॅपला पर्याय कमीच, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्टही हवेत तर बाहेरचं टूल घ्यावं लागतं. मेलबॉक्स पीएसटी या आउटलुक फाइलमध्ये काढून चढवणं हा पाचदहा मेलबॉक्सचा उद्योग आहे.

हायब्रिड या सगळ्यांपेक्षा वरचढ ठरतं ते दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही सहज लक्षात येत नाहीत. एक, ओएसटी फाइल, म्हणजे आउटलुकने कॉम्प्युटरवर ठेवलेली मेलबॉक्सची प्रत. रिमोट मूव्हमध्ये मेलबॉक्सची ओळख तीच राहते, त्यामुळे आउटलुकला जुनी ओएसटी ओळखीची वाटते आणि २० जीबी मेल पुन्हा डाउनलोड होत नाही. कटओव्हरमध्ये प्रत्येकाचं प्रोफाइल नव्याने करावं लागतं. सोमवारी सकाळी १५० जण एकाच वेळी आपापला मेलबॉक्स उतरवायला लागले की लीज्ड लाइनची काय गत होते ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट एक्स५०० पत्त्याची. आउटलुकमध्ये नावाची पहिली दोन अक्षरं टाकली की खाली जी यादी येते, तिच्यात सहकाऱ्यांचे पत्ते साध्या ईमेलच्या रूपात नसतात, एक्स्चेंजच्या आतल्या लांबलचक पत्त्याच्या रूपात असतात. रिमोट मूव्हमध्ये तो जुना पत्ता एक्स५०० म्हणून सोबत जातो. आयमॅप किंवा पीएसटीने गेलात तर तो मागे राहतो, आणि मग जुन्या मेलला उत्तर दिलं की ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारा दोन ओळींचा अगम्य पत्ता असलेला बाउन्स येतो. युजर म्हणतो, “मेल जातच नाहीये.” आयटीवाला चाचणी मेल पाठवतो, तो जातो. दोघेही खरं बोलत असतात. उपाय म्हणजे त्या बाउन्समधला पत्ता उलगडून संबंधित मेलबॉक्सला एक्स५०० म्हणून जोडायचा. हायब्रिडमध्ये ही वेळच येत नाही.

विझार्ड उघडल्यावर दोन निवडी समोर येतात आणि तिथेच बरेच जण गोंधळतात. पहिली, मिनिमल की फुल. मिनिमलमध्ये मेलबॉक्स नेण्यापुरतीच जोडणी होते. एकमेकांची मोकळी-व्यग्र वेळ दिसणं आणि दोन्हीकडच्या मेलला ‘आतला मेल’ म्हणून मिळणारी वागणूक, हे तिच्यात नसतं. दोन-तीन आठवड्यांत सगळं उरकणार असेल तर मिनिमल पुरे. काम महिनोन् महिने चालणार असेल, मीटिंग ठरवणारे लोक दोन्ही बाजूंना विखुरणार असतील, तर फुल घ्या. दुसरी निवड, क्लासिक की मॉडर्न. क्लासिकमध्ये फायरवॉलवर ४४३ पोर्ट मायक्रोसॉफ्टच्या आयपींसाठी आत उघडावा लागतो. मॉडर्नमध्ये हायब्रिड एजंट आतूनच बाहेर जोडणी करतो, त्या जोडणीला पब्लिक आयपीची गरज नाही. पण एजंटमधून मेलटिप्स (मेल पाठवण्याआधी दिसणाऱ्या सूचना) आणि दोन्हीकडचा मेसेज ट्रॅकिंग चालत नाही, हायब्रिड मॉडर्न ऑथेंटिकेशनही नाही. सर्टिफिकेट आणि फायरवॉल आपल्या हातात असेल तर क्लासिकच घ्यावं. ते बिघडलं तर कुठे बिघडलं हे निदान शोधता तरी येतं.

फुल हायब्रिडमध्ये २०२५ पासून एक भर पडली आहे. ऑन-प्रिमाइस (ऑफिसमधला) सर्व्हर आणि एक्स्चेंज ऑनलाइन पूर्वी एकच सामायिक ओळख वापरत. ऑगस्ट २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-५३७८६ ही त्रुटी जाहीर झाली: ऑन-प्रिमाइस सर्व्हरवर ॲडमिन हक्क मिळवलेला हल्लेखोर त्या सामायिक ओळखीतून क्लाउडमध्ये शिरू शकत होता. आता हायब्रिडसाठी स्वतंत्र ॲप करावं लागतं, आणि ऑक्टोबर २०२५ अखेर जुनी वाट बंद करणार असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. हे ॲप केलं नाही तर मेलबॉक्स मूव्ह थांबत नाहीत, पण ऑन-प्रिमाइसवाल्याला क्लाउडवाल्याचं कॅलेंडर दिसेनासं होतं. मूव्ह चालू आहेत म्हणून सगळं ठीक आहे असं समजून लोक नेमके इथे फसतात.

तयारी, म्हणजेच खरं काम

नव्वद टक्के फेल झालेले मूव्ह पत्त्यांमुळे फेल होतात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. विझार्ड कंपनी.मेल.ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉम असं एक डोमेन एक्स्चेंजमध्ये घालतो आणि ईमेल ॲड्रेस पॉलिसीतून प्रत्येकाला त्या डोमेनचा दुय्यम पत्ता मिळावा अशी त्याची अपेक्षा असते. पण ज्या मेलबॉक्सवर ‘पत्ते पॉलिसीनुसार आपोआप बदला’ ही खूण काढलेली असते, त्यांना तो पत्ता मिळत नाही. जुन्या कंपन्यांत अशी खूण काढलेले मेलबॉक्स हमखास सापडतात. कुणाच्या तरी लग्नानंतर आडनाव बदललं, पत्ता हाताने बदलला, खूण निघाली ती निघालीच. मग बॅचमध्ये (एकत्र न्यायच्या मेलबॉक्सच्या गटात) संदेश येतो की टार्गेट मेलबॉक्सला अमुक डोमेनशी जुळणारा एसएमटीपी प्रॉक्सी, म्हणजे तो दुय्यम पत्ता, नाही. हा संदेश निदान स्पष्ट तरी आहे. पॉवरशेलमधून (कमांड लिहून) खूण काढलेल्या सगळ्या मेलबॉक्सची यादी काढा आणि त्यांना तो पत्ता हाताने जोडा. पॉलिसी परत चालू करू नका, नाहीतर वर्षानुवर्षं चालत आलेला मुख्य पत्ताच बदलायचा.

याच्या उलटा प्रकार म्हणजे नको असलेले पत्ते. कंपनी.लोकल किंवा दहा वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या डोमेनचा दुय्यम पत्ता मेलबॉक्सवर चिकटून राहिलेला असतो. ते डोमेन टेनंटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या कंपनीच्या खात्यात) पडताळलेलं नसल्यामुळे मूव्ह सुरू होताच पडतो. युपीएन (लॉगिनचं नाव) अजून .लोकलवर असेल तर तोही आधीच खऱ्या डोमेनवर आणा. मायक्रोसॉफ्टचं आयडीफिक्स हे फुकट टूल बेकायदा अक्षरं आणि दुहेरी पत्ते दाखवतं. सिंक सुरू करण्याआधी ते चालवणं हा एका दुपारचा उद्योग आहे आणि तो टाळू नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक लायसन्सच्या क्रमाची असते. ऑफिसमधली युजरची माहिती क्लाउडला पोहोचवणारा एन्ट्रा कनेक्ट दर ३० मिनिटांनी सिंक करतो. ऑन-प्रिमाइस मेलबॉक्सचा एक्स्चेंज गुइड (त्याचा ओळख क्रमांक) क्लाउडमध्ये पोहोचण्याआधीच कुणी त्या युजरला एक्स्चेंजचं लायसन्स दिलं, तर क्लाउडला वाटतं की याला मेलबॉक्सच नाही, आणि तो एक नवा, रिकामा मेलबॉक्स बनवून मोकळा होतो. आता एकाच माणसाचे दोन मेलबॉक्स: टीम्समधून आलेली निमंत्रणं क्लाउडमधल्यात जातात, बाहेरचा मेल ऑफिसमधल्यात. हा दुहेरी मेलबॉक्स असेपर्यंत मूव्ह होत नाही. सोडवायचं तर आधी लायसन्स काढा, मग सेट-युजर कमांडला परमनंटली-क्लिअर-प्रीव्हियस-मेलबॉक्स-इन्फो हा स्विच लावून क्लाउडमधला मेलबॉक्स कायमचा पुसा. त्यात मधल्या काळात आलेला मेल असेल तर आधी पीएसटीत काढून घ्या, पुसल्यावर तो परत मिळत नाही. टीम्स आधीपासून वापरणाऱ्या कंपन्यांत हे प्रकरण एकदोघांपुरतं नसतं. म्हणून बॅच लावण्याआधी क्लाउडमध्ये प्रत्येकाचा प्रकार ‘मेल युजर’ आहे ना आणि एक्स्चेंज गुइडच्या जागी नुसती शून्यं नाहीत ना, एवढं बघून घ्या. मूव्ह पूर्ण झाल्यावर लायसन्स द्यायला ३० दिवस मिळतात, त्यामुळे घाई करायचं काही कारण नाही. भारतातल्या युजरसाठी युसेज लोकेशन ‘आयएन’ भरलेलं नसेल तर लायसन्स देताच येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

नेटवर्कच्या बाजूला चार जागा तपासायच्या. ईडब्ल्यूएस (एक्स्चेंजची वेब सेवा) व्हर्च्युअल डिरेक्टरीवर मेलबॉक्स हलवणारा एमआरएस प्रॉक्सी चालू हवा. विझार्ड तो चालू करतो, पण एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील आणि लोड बॅलन्सर त्यातल्या एखाद्या राहून गेलेल्या सर्व्हरकडे पाठवत असेल, तर मूव्ह कधी चालतात, कधी नाही. ईडब्ल्यूएस आणि ऑटोडिस्कव्हर (मेलबॉक्स कुठे आहे ते शोधून देणारी सेवा) यांच्या वाटेवर फायरवॉलचं प्री-ऑथेंटिकेशन किंवा एसएसएल तपासणी नको. सर्व्हरवर टीएलएस १.२ (जोडणीचं एन्क्रिप्शन) चालू हवा. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरच्या जुन्या डॉटनेटच्या डिफॉल्टमुळे तो बंद असल्याचं अनेकदा आढळतं. आणि चौथी जागा एक्स्टेंडेड प्रोटेक्शन, म्हणजे लॉगिन मधल्यामध्ये कुणी पळवू नये म्हणून असलेलं संरक्षण. एक्स्चेंज २०१९ च्या सीयू१४ या अपडेटपासून ते आपोआप चालू होतं. लोड बॅलन्सरवर एसएसएल ऑफलोडिंग असेल तर ते बिनसतंच. आणि मॉडर्न हायब्रिड असेल तर एजंट ज्या सर्व्हरला जोडलेला आहे, त्याच्या ईडब्ल्यूएस फ्रंट-एंडला या संरक्षणातून वगळावं लागतं. अपडेट टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून मूव्ह ४०१ (लॉगिन नाकारल्याची चूक) देऊ लागले, तर दुसरीकडे शोधायच्या आधी इथे बघा. टेस्ट-मायग्रेशनसर्व्हरअव्हेलेबिलिटी ही कमांड यशस्वी झाली म्हणजे एवढंच कळतं की आत्ता, या एका सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं.

ऑफिस आणि क्लाउड यांच्यामधल्या मेलच्या वाटेवर दुसऱ्या कंपनीचा स्पॅम गेटवे ठेवू नका. मायक्रोसॉफ्टला मधे चालतो तो फक्त स्वतःचा एज ट्रान्सपोर्ट सर्व्हर. कारण साधं आहे: गेटवेतून गेलेल्या मेलची ‘हा आतलाच आहे’ ही ओळख पुसली जाते. मग साहेबांचा मेल क्लाउडवाल्यांच्या जंकमध्ये पडतो. त्याहून फसवा परिणाम म्हणजे कॉन्फरन्स रूमचा मेलबॉक्स ऑफिसमधून आलेली निमंत्रणं बाहेरची समजून स्वीकारतच नाही. रूम बुक होत नाही अशी तक्रार आली की कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्याआधी मेलची वाट तपासा.

वेग

या सेवेचा सगळ्यात मोठा दोष इथे आहे. मायग्रेशनला कोणतीही वेळेची हमी नाही. मायक्रोसॉफ्टच्या डेटासेंटरमध्ये हे मागच्या रांगेतलं काम समजलं जातं. तिकडे ताण आला की तुमचा मूव्ह ‘स्टॉल्ड-ड्यू-टू-टार्गेट’ दाखवत थांबतो आणि तुम्ही काही करू शकत नाही. ‘स्टॉल्ड-ड्यू-टू-सोर्स’ आलं तर मात्र दोष घरचा: डिस्क, अँटिव्हायरस किंवा त्याच वेळी चालू असलेला बॅकअप.

एका मेलबॉक्सचा वेग ताशी ०.३ ते १ जीबी धरावा. म्हणजे संचालकांचा ४० जीबीचा मेलबॉक्स ताशी अर्ध्या जीबीने ८० तास घेणार. तो शुक्रवारी संध्याकाळी लावून सोमवारी सकाळी तयार होत नाही. म्हणून जाड मेलबॉक्स सगळ्यात आधी लावा. पहिला सिंक झाल्यावर दर २४ तासांनी भर पडत राहते. संचालकांना काही कळत नाही आणि त्यांचा नंबर शेवटच्या आठवड्यात लावता येतो.

मायग्रेशन एंडपॉइंटवर (क्लाउडने ऑफिसच्या सर्व्हरला जोडण्याच्या नोंदीवर) एका वेळी २० मेलबॉक्स हा डिफॉल्ट आहे, तो वाढवता येतो. टेनंटची एकूण मर्यादा ३००. पण भारतातल्या बहुतेक ऑफिसांत आधी संपते ती लाइन. हिशेब करून बघा: ३०० मेलबॉक्स, सरासरी ८ जीबी, म्हणजे २,४०० जीबी. १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन, त्यातले ७० एमबीपीएस रात्री आठ ते सकाळी आठ मिळाले, तर साधारण ७६ तास, म्हणजे सहा-सात रात्री. आणि हे सगळं विनाअडथळा झालं तर. प्रत्यक्षात दुप्पट धरा. साध्या ब्रॉडबँडवर अपलोड २० एमबीपीएस असेल तर दिवसरात्र चालवूनही अकरा दिवस. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा असतो, इथे लागतो अपलोड.

नेण्याआधी आकार तपासा. लायसन्सगणिक मर्यादा वेगळी: प्लॅन १ मध्ये ५० जीबी, प्लॅन २ आणि ई३ मध्ये १०० जीबी, एफ३ मध्ये फक्त २ जीबी. शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत लायसन्सशिवाय चालतो. शॉप फ्लोअरवरच्या लोकांना एफ३ द्यायचं ठरवलं असेल तर त्यांच्यातल्या किती जणांचा मेलबॉक्स आत्ताच २ जीबीच्या वर आहे ते मोजा, मग खर्चाचा अंदाज द्या. ‘रिकव्हरेबल आयटम्स’ हा फोल्डर कुणाला दिसत नाही, पण त्याचा कोटा वेगळा, ३० जीबी. तो भरलेला असला तरी मूव्ह पडतो. एकेका मेलची मर्यादा १५० एमबी.

बॅचला स्थिती ‘सिंक्ड’ आली की ती ९५ टक्क्यांवर थांबून तुमच्या ‘कम्प्लीट’ची वाट बघते. इथे पूर्वी खराब आयटमची मर्यादा आकड्यात द्यावी लागे. आता डेटा कन्सिस्टन्सी स्कोअर असतो: परफेक्ट, गुड, इन्व्हेस्टिगेट, पुअर. ‘इन्व्हेस्टिगेट’ आलं की वगळलेल्या आयटमची यादी उघडून बघा आणि मगच मंजुरी द्या. बहुधा त्यात मोडकी कॅलेंडर नोंद किंवा हयात नसलेल्या अकाउंटची परवानगी निघते. जुन्या पद्धतीत सगळेच डोळे मिटून मोठा आकडा टाकत. ही सुधारणा मनापासून आवडली.

वेळ ठरवताना एक भारतीय खड्डा आहे. पॉवरशेलमध्ये ‘कम्प्लीट-आफ्टर’ला वेळ दिली आणि टाइमझोन दिला नाही, तर ती यूटीसी समजली जाते. रात्री ११ लिहिलंत तर मूव्ह पूर्ण व्हायला सुरुवात होते पहाटे साडेचारला. शेवटची भर आणि पाहऱ्यावरच्या लोकांचं घरी जाणं एकाच वेळी होतं. रात्री ११ हवेत तर १७:३० लिहा.

युजरच्या टेबलावर

मूव्ह संपला की आउटलुकमध्ये संदेश येतो: ॲडमिनिस्ट्रेटरने बदल केला आहे, बंद करून पुन्हा उघडा. चांगल्या परिस्थितीत एवढंच. वाईट परिस्थिती म्हणजे आउटलुक २०१०: त्याला मॉडर्न ऑथेंटिकेशन येत नाही आणि एक्स्चेंज ऑनलाइनने जुनी पद्धत बंद केली आहे, त्यामुळे ते पासवर्ड विचारत बसतं, कितीही बरोबर दिला तरी. आउटलुक २०१३ ला रजिस्ट्रीत बदल करावा लागतो. कोणत्या मशीनवर कोणती आवृत्ती आहे याची यादी नसेल तर ती मेलबॉक्सच्या यादीआधी करा.

फोनचं भरवशाचं नसतं. फोनवर मेल आणणाऱ्या ॲक्टिव्हसिंकला ४५१ क्रमांकाचा रीडायरेक्ट मिळतो आणि आयफोन सहसा तो पाळतात. अँड्रॉइडवर कंपनीगणिक येणारी मेल ॲप पाळतीलच असं नाही. सगळ्यांना आउटलुक मोबाइलवर आणणं हेल्पडेस्कच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त.

परवानग्यांत मेख आहे. मेलबॉक्सवर थेट दिलेल्या परवानग्या सोबत जातात. डेटाबेसवरून वारशाने आलेल्या जात नाहीत. ‘सेंड ॲज’ (दुसऱ्याच्या नावाने पाठवण्याचा हक्क) दोन्ही बाजूंना वेगवेगळा द्यावा लागतो, तो सिंक होत नाही. साहेब एकीकडे आणि त्यांचे पीए दुसरीकडे असताना शेअर्ड मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप उघडणंही बंद होतं. उपाय तांत्रिक नाही, यादीचा आहे: साहेब, पीए आणि त्यांचे शेअर्ड मेलबॉक्स एकाच बॅचमध्ये. विभागानुसार बॅच पाडण्यापेक्षा ‘कोण कुणाचा मेलबॉक्स उघडतं’ यानुसार पाडा. डायनॅमिक डिस्ट्रिब्युशन ग्रुप सिंक होत नाहीत, ते क्लाउडमध्ये नव्याने करावे लागतात. पब्लिक फोल्डर अजून वापरात असतील तर त्यांचं वेगळं मायग्रेशन असतं, त्यासाठी फोल्डर काही काळ बंद ठेवावे लागतात, आणि नावात तिरकी रेघ असलेले फोल्डर अडतात.

मेल पाठवणारी यंत्रं हे हमखास विसरलं जाणारं खातं. स्कॅनर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र, यूपीएस, टॅलीतून जाणारी इनव्हॉइस, पगाराच्या स्लिपा, सगळं आजवर आतल्या एक्स्चेंजवर २५ पोर्टला बिनधास्त मेल टाकत असतं. एक्स्चेंज ऑनलाइनला एसएमटीपी लॉगिनने पाठवायचं तर मिनिटाला ३० मेल आणि दिवसाला १०,००० प्राप्तकर्ते ही मर्यादा आहे. हजार स्लिपा एकदम सोडल्या तर निदान अर्धा तास लागणारच, आणि मधेच नाकारलेला मेल परत पाठवण्याची अक्कल सगळ्या सॉफ्टवेअरला नसते. आत एक छोटा रिले (मेल पुढे ढकलणारा सर्व्हर) ठेवून तो आयपीवर आधारलेल्या कनेक्टरने जोडणं बरं. कोण कोण पाठवतंय हे कळायला रिसीव्ह कनेक्टरचा प्रोटोकॉल लॉग महिनाभर चालू ठेवा. पगार महिन्यातून एकदाच होतो.

एमएक्स (बाहेरचा मेल कुठे यावा ते सांगणारी डीएनएस नोंद) बदलण्याआधी दोन दिवस तिचा टीटीएल, म्हणजे ती लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. एसपीएफमध्ये (तुमच्या डोमेनवरून कोण पाठवू शकतं त्या यादीत) एसपीएफ.प्रोटेक्शन.आउटलुक.कॉम घालताना जुने इन्क्लूड काढा; दहा लुकअपच्या पुढे गेलं की एसपीएफच फेल समजला जातो. डीकेआयएमचे (मेलवरच्या डिजिटल सहीचे) दोन सीनेम आधीच टाकून ठेवा.

नियमांचं थोडं. भारतात बिलिंग असलेल्या टेनंटचा डेटा भारतातल्या डेटासेंटरमध्ये राहतो, आणि मायक्रोसॉफ्टचं मध्य भारत क्षेत्र म्हणजे पुणं. पण देश टेनंट उघडताना एकदाच निवडता येतो, नंतर बदलत नाही. परदेशी मूळ कंपनीने काढून दिलेला टेनंट असेल तर ॲडमिन सेंटरमध्ये डेटा लोकेशन बघून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. ऑडिट लॉग १८० दिवस मिळतो, मेसेज ट्रेस (मेल कुठून कुठे गेला त्याची नोंद) मात्र ९० दिवसांचाच. तो नियमितपणे बाहेर काढून ठेवण्याची सोय पहिल्या दिवसापासून करा.

घ्यावं कुणी? मेलबॉक्स शंभराच्या आत, सगळे एका इमारतीत, एक वीकेंड बंद ठेवायची तयारी, अशांनी फुल हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये. मिनिमल किंवा थेट कटओव्हर. दोनशेच्या वर, शाखा अनेक, कॅलेंडरवर चालणारा कारभार असेल तर हायब्रिडला तोड नाही, आणि बाहेरच्या टूलवर पैसे घालायची गरज नाही. १५० किंवा जास्त लायसन्स असतील तर मायक्रोसॉफ्टचं फास्टट्रॅक पथक फुकट मदत करतं. मागितल्याशिवाय मिळत नाही.

राहिला तो शेवटचा सर्व्हर. सगळे मेलबॉक्स गेले तरी युजर ऑफिसच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून (युजरच्या मूळ यादीतून) सिंक होत असतात, आणि त्यांचे मेलचे गुणधर्म तिथेच बदलावे लागतात. म्हणून वर्षानुवर्षं एक रिकामा एक्स्चेंज सर्व्हर पॅच करत, सर्टिफिकेट नवं करत सांभाळावा लागे. एक्स्चेंज सर्व्हरवर झालेल्या मार्च २०२१ मधल्या प्रॉक्सीलॉगॉन हल्ल्यांनंतर तो सांभाळणं म्हणजे उघडं दार राखणं झालं होतं. एक्स्चेंज २०१९ सीयू१२ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, फक्त मॅनेजमेंट टूल्स ठेवून सर्व्हर बंद करता येतो. त्यात वेब कन्सोल नाही, भूमिकांनुसार हक्क वाटणं नाही, केलेल्या बदलांची नोंद नाही, सगळं पॉवरशेलमधून. हेल्पडेस्कला नवीन माणसाचा मेलबॉक्स उघडायची सवय कन्सोलची असेल तर त्यांच्यासाठी आधी स्क्रिप्ट लिहून ठेवा. मेलचे गुणधर्म युजरगणिक क्लाउडमधूनच बदलायची सोयही २०२५ मध्ये आली आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी तीच तपासावी.

बंद करायचा म्हणजे खरोखर बंद: ऑटोडिस्कव्हरचा आतला एससीपी (आउटलुकला सर्व्हर दाखवणारी नोंद) रिकामा करा, सर्व्हर शटडाउन करा, आठवडाभर कुणाचा आवाज येतो का बघा. कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करू नका. त्याने सिंक होणाऱ्या युजरना लागणाऱ्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या गोष्टीही जातात. डिरेक्टरी साफ करणारी स्क्रिप्ट टूल्ससोबतच येते, पण ती चालवल्यावर मागे फिरता येत नाही. पगाराचा एक महिना सुरळीत गेल्याशिवाय तिला हात लावू नका.